मोठ्या माणसांसाठीचा दृढीकरण वर्ग: पुण्यातील एका मराठी मंडळीत घेतलेले शिक्षण

लहानपणी बाप्तिस्मा झालेला आहे, नाव मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) नोंदवहीत आहे, नाताळला आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आपण न चुकता उपासनेला जातो, आणि तरीही ‘तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणजे नेमके कोण आहात’ असे कोणी विचारले तर दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, अशी माणसे मराठी ख्रिस्ती समाजात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलीच होते. शाळेत असताना दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतः पुन्हा देण्याचा विधी, राहून गेले, पुढे नोकरी आणि संसार यांत ते मागे पडत गेले. अशा राहून गेलेल्यांसाठी, तसेच ख्रिस्ती घरात न जन्मता स्वतःच्या शोधातून ख्रिस्ताकडे आलेल्यांसाठी, काही मंडळ्या प्रौढांचा वर्ग चालवतात. पुण्यातील एका मराठी मंडळीतील अशा वर्गाचे हे परीक्षण आहे. मंडळीचे नाव देत नाही, कारण गुणांबरोबर उणिवाही मोकळेपणाने सांगायच्या आहेत.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. वर्ग रविवारच्या उपासनेनंतर भरतो. पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि नाताळाआधीच्या आगमनकाळापूर्वी संपतो. शुल्क नाही. आपले बायबल आणि वही एवढेच न्यायचे असते. मुख्य शिकवणी पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, असते. काही पाठ मंडळीतील एक निवृत्त शिक्षिका घेतात आणि त्या फार उत्तम शिकवतात. ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातील आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन हे चर्च स्थापन झाले. त्यांत बिशपांची परंपरा मानणारे अँग्लिकन होते आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसालाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते. त्यामुळे येथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणीचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. वर्गाच्या दृष्टीने याचा मोठा लाभ होतो, कारण एकाच बाकावर चार पिढ्यांचा ख्रिस्ती आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा शुभवर्तमान वाचलेला माणूस शेजारी शेजारी बसतात. जन्माने ख्रिस्ती असणाऱ्याला आपल्याजवळ काय आहे ते दुसऱ्याच्या ओढीतून कळते, आणि नव्याने आलेल्याला आपण एकटे नाही हे कळते.

पहिले काही रविवार नावाच्या प्रश्नाला दिलेले होते, आणि वर्गाचा हा आरंभ मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटला. पाळकसाहेबांनी प्रत्येकाला विचारले, ‘तुम्ही कोण आहात हे तुम्हाला प्रथम कोणी सांगितले?’ कोणी आईचे नाव घेतले, कोणी गावाचे, कोणी आडनावावरून लोकांनी काढलेल्या निष्कर्षांचे. एका तरुणाने सांगितले की त्याची ओळख आजवर नेहमी दुसऱ्यांच्या रागातूनच त्याला मिळत आली. त्यानंतर यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय काढण्यात आला, जेथे बंदिवासात खचलेल्या लोकांना देव सांगतो की मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे आणि तू माझा आहेस. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय, जेथे मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी बोलावतो. आणि शेवटी पेत्राच्या पहिल्या पत्रातील तो भाग, ज्यात पूर्वी ‘लोक’ म्हणून मोजलेच न गेलेल्यांना आता देवाचे लोक म्हटले आहे. हे उतारे मी असंख्य वेळा ऐकलेले होते. ते एका क्रमाने, आपापल्या उत्तरांच्या पाठोपाठ वाचल्यावर लक्षात आले की ख्रिस्ती माणसाची ओळख त्याने स्वतःत डोकावून शोधून काढलेली नसते. ती त्याला आधी दिलेली असते, आणि मोठेपणी त्याने ती सर्वांसमक्ष स्वीकारायची असते. दृढीकरणाचा विधी कशासाठी असतो, हे इतक्या वर्षांत प्रथमच मला पटले.

शिक्षिकाबाईंनी पंडिता रमाबाईंवर घेतलेला पाठ हा या वर्गाचा कळस होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, एवढे आम्हा सर्वांना पाठ होते. त्यापुढचे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांना आश्रय देणाऱ्या तेथील मठातल्या अँग्लिकन सिस्टरांची अपेक्षा होती की रमाबाईंनी त्यांच्या चर्चची सर्व शिस्त आणि शिकवण निमूटपणे स्वीकारावी. रमाबाईंनी मात्र स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्यालाही त्यांनी हरकत घेतली. परक्या भाषेतील ती अक्षरे आपल्या संस्कृतपेक्षा पवित्र का मानायची, हा त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशी असा वाद घालणे सोपे नव्हते, शिवाय इकडे पुण्यात धर्मांतराबद्दल त्यांच्यावर कडाडून टीका होत होती. दोन्हीकडून परके ठरण्याचा हा काळ त्यांनी कसा काढला असेल, यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. शिक्षिकाबाई येथे थांबल्या आणि आम्हाला म्हणाल्या, ‘तुमच्यापैकी ज्यांना वाटते की आपण उशिरा आलो, त्यांनी हे लक्षात ठेवा.’ ज्या स्त्रीने केडगावच्या मुक्तिसदनात हजारो निराधार मुली-बायकांना घर दिले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम चालवले, तिलाही आपण कोणाच्या आहोत हे कळायला इतका काळ लागला, हे ऐकून वर्गातल्या कितीतरी जणांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यावरील पाठही चांगला होता, जरी तो एकाच रविवारी उरकल्यामुळे घाईचा झाला. करजगावच्या चित्पावन घरात जन्मलेले टिळक रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार वाचू लागले, येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत, आणि मराठी मंडळ्यांत आज गायिली जाणारी कितीतरी भक्तिगीते अभंगाच्या चालीने चालतात ती त्यांच्यामुळेच. परंतु आपलेपणाच्या दृष्टीने मला अधिक बोलकी वाटते ती लक्ष्मीबाईंची गोष्ट. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवत होत्या. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच निकाल लावला आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला मन मोकळे केले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. म्हणजे ज्या देवाला त्या शरण गेल्या त्याच्या घरातील इतर माणसांना त्यांनी आधी आपले मानले. वर्गाने या क्रमाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

कारण जातीचा विषय हीच या वर्गाची सर्वांत मोठी उणीव आहे. ख्रिस्तात ना यहुदी ना हेल्लेणी (ग्रीक), ना दास ना स्वतंत्र, हे गलतीकरांस पत्रातील वचन वाचले गेले, आणि तेथेच विषय संपवण्यात आला. अहिल्यानगर आणि जालना या पट्ट्यातून पुण्याला आलेल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग समाजातून मंडळीत आले, हे खोलीत बसलेल्या सर्वांना ठाऊक होते, आणि ते कोणीही उच्चारले नाही. माझे आजोबा श्रीरामपूरकडचे. त्यांच्या वडिलांच्या पिढीत आमच्या घराण्याची एक शाखा ख्रिस्ती झाली. दुसरी शाखा १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झाली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात, काही शीख जातींचा अपवाद सोडता, हिंदूंखेरीज इतर धर्मीयांना जागा नव्हती. १९५६ मध्ये सर्व शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. एकाच पणजोबांची पतवंडे सरकारी अर्जावर वेगवेगळ्या रकान्यांत जातात. ज्याचे घर अशा रकान्यांनी दुभंगलेले आहे, त्याला ‘ख्रिस्तात भेद नाही’ एवढे सांगून भागत नाही. त्याला हे सांगावे लागते की हे दुःख मंडळीला माहीत आहे आणि मंडळी ते आपले मानते. शिवाय आपल्याच समाजात लग्न जुळवताना मूळ जातीची चौकशी हळू आवाजात होते, आणि तरुणांना ती पुरती ऐकू येते. हा विषय अवघड आहे म्हणून तो वर्गाबाहेर ठेवला असेल, तर मी म्हणेन की तो अवघड असल्यामुळेच त्याला एक संपूर्ण रविवार द्यायला हवा. पाळकसाहेबांकडे मी हे बोलून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढील वर्षासाठी टिपून ठेवले.

प्रभुभोजनावरचा पाठ मात्र या उणिवेच्या अगदी जवळून गेला, आणि म्हणूनच तो मनात राहिला. पाळकसाहेबांनी सुरुवात केली ती पुण्यातल्याच एका प्रसंगाने. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातील इतर प्रतिष्ठित मंडळी एका सभेला गेली असता त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापून आणली, ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या शहरात एका पेल्यावरून माणूस जातीबाहेर जात होता, त्याच शहरात एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून सर्वांनी घेणे म्हणजे काय, याचा विचार करा, असे त्यांनी सांगितले. त्यापुढे कोणत्याही मोठ्या सिद्धांताची गरज पडली नाही. उपासनेनंतर मंडळीच्या ओसरीवर महिला मंडळ चहा करते, वयाने मोठ्या मावश्या नवख्या माणसाला नाव विचारून त्याच्या हाती कप देतात, आणि पुढच्या रविवारी ते नाव त्यांच्या लक्षात असते. मला आपलेपणा कोठे वाटू लागला असे कोणी विचारले, तर वेदीच्या बरोबरीने मी या ओसरीचे नाव घेईन.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दलही सांगितले पाहिजे. विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरावीक कबुली), प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा पाठ करून घेण्यावर भर होता. लहान मुलांच्या वर्गात तो शोभतो. कामावरून थकून आलेल्या प्रौढाला अर्थ समजावून दिला तर शब्द आपोआप जवळ येतात, हे शिकवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. टिपणे झेरॉक्सची, काही पाने वाचता न येण्याजोगी पुसट. पाळीच्या नोकरीत असणाऱ्या दोघा तरुणांना अनेक रविवार हुकले आणि त्यांच्यासाठी संध्याकाळची सोय झाली नाही. त्यांतला एक मध्येच यायचा थांबला. गाण्याला वर्गात जागाच नव्हती, ही मला खरी हानी वाटते. ज्या समाजाची श्रद्धा कीर्तनातून आणि अभंगांतून रुजली, त्याच्या नव्या सभासदांनी टाळ-हार्मोनियमच्या साथीने एखादे तरी गीत एकत्र शिकावे.

दृढीकरणाच्या दिवशी बिशप येतात. उमेदवार बाप्तिस्म्याची वचने स्वतःच्या तोंडाने पुन्हा देतात, मग एकेकाचे नाव घेऊन बिशप मस्तकावर हात ठेवतात आणि पवित्र आत्म्याच्या बळासाठी प्रार्थना करतात. विधी लांबलचक नसतो. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या वतीने ‘होय’ म्हणणाऱ्यांपैकी आता फक्त आई हयात आहे. ती पुढच्या बाकावर होती, आणि या वेळी ते उत्तर मी दिले.

एकूण मत सांगायचे तर, आपण कोणाचे आहोत हा प्रश्न ज्याला मनापासून पडलेला आहे, त्याने असा वर्ग जरूर करावा. बायबलचे सखोल अध्ययन किंवा ईश्वरविद्येची चर्चा हवी असणाऱ्याची मात्र येथे निराशा होईल. त्याने दुसरे ठिकाण पाहावे. नाव घालण्यापूर्वी पाळकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. एक, नव्याने आलेल्या माणसाच्या घरच्यांचा विरोध असेल तर मंडळी त्याच्या पाठीशी कशी उभी राहते. आमच्या वर्गात याचे उत्तर ठोस होते, कारण अशा प्रत्येकाला एक जुने कुटुंब जोडून दिलेले होते आणि सणावाराला तो त्या घरी जेवत होता. दोन, दृढीकरणानंतर पुढे काय. आमच्याकडे याचे उत्तर कच्चे निघाले. प्रभुभोजनाचा आणि मंडळीच्या सभेत मत देण्याचा हक्क मिळाला, परंतु वर्ग म्हणून जमलेली माणसे नंतर पांगू लागली. सध्या आम्हीच काही जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतो, आणि मध्येच येणे थांबवलेल्या त्या तरुणालाही पाळीच्या वेळा पाहून बोलावतो.