२४-७० एफ २.८ की २४-१०५ एफ ४? कमी उजेडातला हिशेब

कमी उजेडात फोटो काढायचे असतील तर २४-७० एफ २.८ घ्या, हा सल्ला इतका रुळलाय की त्यावर कोणी उलट प्रश्नही विचारत नाही. (२४-७० म्हणजे लेन्सच्या झूमचा पल्ला मिलिमीटरमध्ये, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं; एफ २.८ म्हणजे तिचं छिद्र, अपर्चर, जास्तीत जास्त किती उघडतं ते, आणि हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त.) मी ती लेन्स बराच काळ वापरली आहे. सध्या मात्र माझ्या कॅमेऱ्यावर २४-१०५ एफ ४ असते, आणि माझे बहुतेक फोटो संध्याकाळनंतरचे, छपराखालचे, परक्याने लावलेल्या दिव्यांमधले असतात. म्हणजे सल्ल्याप्रमाणे मी नेमकी उलट लेन्स बाळगतो. पहिली लेन्स वाईट म्हणून नव्हे. काही बाबतीत ती आजही सरस आहे. पण ज्या एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट प्रकाशासाठी, ती घेतली जाते, तो स्टॉप प्रत्यक्ष फोटोपर्यंत किती वेळा पोहोचतो, हे आधी बघून घ्यावं.

पुढचं सगळं फुल फ्रेम बॉडी, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा, धरून लिहिलं आहे.

सुरुवातीला एफ २.८ ची बाजू, कारण ती खरी आहे. एफ ४ च्या तुलनेत दुप्पट प्रकाश. एफ ४ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० लागत असेल तिथे ६४०० वर भागतं, किंवा आयएसओ तेवढाच ठेवून शटर १/६० सेकंदाऐवजी १/१२५ करता येतो. समोरचा माणूस हलत असेल तर हा फरक कशानेही भरून निघत नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची मान वळणं थांबवत नाही. १/१५ ला भिंत, खांब, पडदा सगळं धारदार येतं आणि मधला माणूस पुसल्यासारखा. नॉइज, म्हणजे आयएसओ वाढवल्यावर फोटोत येणारी खरखर, काढणारी सॉफ्टवेअर अलीकडे फार पुढे गेली आहेत, त्यामुळे आयएसओ एक स्टॉपने वाढला तरी पूर्वीइतकं काळजाला लागत नाही. हललेला चेहरा मात्र अजूनही हललेलाच राहतो. नाच, लहान मुलं, ढोलकी वाजवणारे हात, असं काही तुमच्या नेहमीच्या कामात असेल आणि तुम्ही त्यांच्यापासून चार पावलांवर उभे राहू शकत असाल, तर एफ २.८ घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण ‘चार पावलांवर उभं राहता येणं’ हीच तर सगळी अडचण आहे.

कमी उजेड आणि लांब अंतर ही जोडी बहुतेक वेळा एकत्रच येते. सभागृह, रंगमंच, गाण्याची मैफल, कुणाचं भाषण, मोठा समारंभ. उजेड कमी असतो आणि जागा ठरलेली असते. उठून पुढे जाणं शिष्टाचाराला धरून नसतं, किंवा मध्ये माणसं असतात. अशा वेळी २४-७० ची झूम रिंग फिरवावी आणि ती ७० वर टक्कन थांबावी, हे मला त्या लेन्सबद्दल सगळ्यात खुपलेलं. एखाद-दुसऱ्या वेळी नव्हे, जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात. डोळ्याला फ्रेम दिसतेय, बोटं सवयीने अजून फिरवतायत, आणि लेन्स संपलीय. गायकाचा चेहरा आणि हात एवढंच हवं असताना शेजारचा माइक स्टँड, पाण्याची बाटली आणि अर्धा तबलजी फ्रेममध्ये. मग आपण मनाशी म्हणतो, असू दे, नंतर क्रॉप करू, नको ते कापून टाकू.

आणि क्रॉप केला की एफ २.८ चा फायदा जातो. कमी होत नाही, जवळपास जातोच. हे मला आधी नुसतं जाणवायचं: घरी येऊन क्रॉप केलेले फोटो अपेक्षेपेक्षा जास्त खरखरीत दिसायचे, आणि आयएसओ तर माफक असायचा. गणित केल्यावर उलगडा झाला. ७० मिमीची फ्रेम कापून १०५ इतकी केली की सेन्सरचा जेमतेम ४४ टक्के भाग उरतो. फोटोतला नॉइज किती दिसणार हे शेवटी त्या फोटोसाठी एकूण प्रकाश किती गोळा झाला यावर ठरतं, कारण कापलेला तुकडा पडद्यावर मोठा करताना त्यातला नॉइजही मोठा होतो. एफ २.८ मुळे प्रकाश दुप्पट आला, पण वापरला त्यातला ४४ टक्केच. म्हणजे १०५ ला एफ ४ वर थेट काढलेल्या फोटोच्या तुलनेत ८९ टक्के. शटर दोघांचा सारखाच धरा. ज्या लेन्सने अंधारात जिंकायला हवं होतं ती किंचित मागेच पडली, आणि वर २४ मेगापिक्सेलचे साडेदहा-अकराच हातात राहिले.

साधारण ९९ मिमीच्या फ्रेमला दोघी बरोबरीत येतात. ८५ च्या फ्रेमपर्यंत कापलंत तर एफ २.८ पुढे असते, पण अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी अंतराने. तुमची एफ ४ लेन्स २४-१२० असेल, जशी निकॉनच्या झेड माउंटला (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवायची जोडणी) आहे, तर लांबच्या टोकाला तीच अर्धा स्टॉप पुढे जाते. ७० च्या आत मात्र एफ २.८ ला पूर्ण स्टॉपचा फायदा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ शकत नाही. प्रश्न एवढाच की तुमचे अंधारातले फोटो ७० च्या आत असतात की त्याच्या टोकाला अडकलेले.

पार्श्वभूमी धूसर करण्याच्या बाबतीतही असाच प्रकार. ७० ला एफ २.८ म्हणजे अपर्चरचा व्यास २५ मिमी. १०५ ला एफ ४ म्हणजे सव्वासव्वीस मिमी. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवलात तर लांबची पार्श्वभूमी दोन्हींत जवळपास सारखीच विरघळते. ‘एफ ४ ला बोके (तो धूसरपणा) येत नाही’ असं म्हणणाऱ्याने बहुधा १०५ चं टोक वापरून पाहिलेलं नसतं. ३५ किंवा ५० ला फरक दिसतो, हे मान्य.

धूसरपणाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो ७० ला एफ २.८ वर काढलात तर फोकसची खोली साधारण १४ सेंटीमीटर मिळते. एफ ४ ला २० च्या आसपास. माणूस एकटा असेल तर ठीक. दोघं शेजारी बसलेले आहेत आणि एक जरासा पुढे झुकलाय, म्हणजे एफ २.८ ला दुसऱ्याचे डोळे गेले. मग आपण आपणहून अपर्चर एफ ४ करतो. घरगुती समारंभात, जिथे फ्रेममध्ये माणूस कधी एकटा सापडतच नाही, तिथे मी एफ २.८ ची लेन्स कितीतरी वेळा एफ ४ वरच चालवली आहे. उचललेलं वजन मात्र पूर्ण.

वजनाचा मुद्दा पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही, हेही सांगायला हवं. कॅननच्या आरएफ माउंटमध्ये एफ २.८ ची ९०० ग्रॅमची आणि एफ ४ ची ७०० ग्रॅमची, असा फरक अजून हातात जाणवतो. सोनीने २०२२ मध्ये आणलेली २४-७० एफ २.८ जीएम (सोनीची वरची श्रेणी) ची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे आणि त्यांची २४-१०५ एफ ४ ६६३ ची. तिथे वजनाचं कारण पुढे करून एफ ४ घेण्यात फारसा अर्थ नाही. स्टॅबिलायझेशनचा जुना वादही असाच निकालात निघालाय. कॅननची २०१२ ची २४-७० एफ २.८ दुसरी आवृत्ती स्टॅबिलायझेशनशिवाय आली होती, तेव्हा ‘एफ ४ आयएस की एफ २.८ बिगरआयएस’ हा खरा पेच होता (आयएस म्हणजे कॅननचं स्टॅबिलायझेशन). आता बहुतेक बॉडींतच ती सोय असते.

आता इमेज क्वालिटी. इथे मी माझी आवड बाजूला ठेवून सांगतो: २४-७० एफ २.८ सहसा पुढे असते. दोन्ही एफ ४ वर ठेवल्या तर एकीचं अपर्चर एक स्टॉप मिटलेलं आणि दुसरीचं सताड उघडं. साहजिकच पहिलीचे कोपरे जास्त स्वच्छ येतात, कडेचा काळोख कमी, आणि फ्रेममध्ये थेट दिवा आला तरी कॉन्ट्रास्ट बऱ्यापैकी टिकतो. २४ मिमीला २४-१०५ प्रकारच्या लेन्स रेषा फुगवतात. सॉफ्टवेअरमधलं त्या लेन्सचं प्रोफाइल ते सरळ करतं, पण कोपऱ्यातले पिक्सेल ताणूनच. इमारती, अंतर्भाग, मोठे गट असं तुमचं काम असेल तर हे दिसेल. एफ ८ ला दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर मला तरी ओळखता येत नाहीत. आणि मंद उजेडातल्या माणसांच्या फोटोंत कोपऱ्यात असतं काय? बहुतेक वेळा अंधार. त्या अंधाराच्या शार्पनेसची मी कधी काळजी केलेली नाही.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात घ्या. एफ २.८ ला, विशेषतः २४ मिमीवर, कोपरे बरेच काळवंडतात. प्रोफाइल ते उजळवतं तेव्हा तिथला नॉइजही वर येतो. म्हणजे दुप्पट प्रकाशाची गोष्ट फ्रेमच्या मध्यावर जितकी खरी, तितकी कडेला नाही. फोटोला याने काही बाधा येते असं नाही, पण तुलना करायचीच तर हेही त्यात धरावं.

ऑटोफोकसमध्ये एफ ४ थोडी मागे पडते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘उणे ६ ईव्हीपर्यंत फोकस’ (ईव्ही हे उजेडाचं माप, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) असं छापलेलं असतं तेव्हा तो आकडा बहुधा एफ १.२ च्या लेन्ससोबतचा असतो. एफ ४ लावली की त्यातले तीन-साडेतीन स्टॉप गेले. फार मंद उजेडात, पार्श्वभूमी आणि कपडे दोन्ही गडद असतील तर माझी लेन्स कधीमधी पुढेमागे चाचपडते. एफ २.८ तशा जागी लवकर पकड घ्यायची असं मला आठवतं, पण फार मोठा फरक नव्हता. चेहऱ्याच्या कडेवर, जिथे उजेड आणि सावली भेटतात तिथे फोकस बिंदू ठेवला की बहुतेक वेळा काम होतं.

खरा अंधार असेल, मेणबत्त्या किंवा रस्त्यावरचा एखादा दिवा, तर दोन्ही झूम अपुरेच पडतात. हेही माझ्या निवडीमागचं एक कारण. ३५ किंवा ५० ची एफ १.८ प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, एफ ४ च्या पाचपट प्रकाश देते, एफ २.८ च्या तुलनेत अडीचपटीला थोडी कमी. एफ २.८ बाळगत असतानाही अशा वेळी मी शेवटी प्राइमच लावायचो. मग प्राइम बरोबर असणारच असेल तर झूमकडून मला पल्ला हवा. एफ ४ झूम आणि एक छोटी प्राइम ही जोडी मला एकट्या एफ २.८ पेक्षा जास्त ठिकाणी उपयोगी पडते. लेन्स बदलायचा ज्यांना मनापासून कंटाळा आहे त्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचंही चूक नाही. आकाशातले तारे टिपायचे असतील तरी २४ ला एफ २.८ चा तो स्टॉप सोडू नका. तिथे क्रॉपचा प्रश्नच येत नाही आणि शटर वीसेक सेकंदांच्या पुढे नेला की तारे रेघ ओढू लागतात.

दोन्ही गोष्टी एकाच लेन्समध्ये नाही का मिळत? मिळतात. कॅननची २४-१०५ एफ २.८ २०२३ मध्ये आली, वजन १३३० ग्रॅम. सिग्माची २८-१०५ एफ २.८ त्यानंतरच्या वर्षी, एक किलोच्या आसपास. कामासाठी रोज तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना अशी लेन्स परवडत असेल. मला ती गळ्यात घेऊन गाणं ऐकता येईल असं वाटत नाही, आणि मी जातो ते आधी गाणं ऐकायलाच.

निर्णय घेण्याआधी एक करून बघा. तुमच्या संग्रहातले फक्त मंद उजेडातले फोटो वेगळे काढा, आयएसओ ३२०० च्या वरचे म्हणा. लाइटरूम किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथप्रमाणे (झूमच्या मिलिमीटरप्रमाणे) गाळणी लावता येते. बरेचसे २४ ते ५० च्या मध्ये निघाले तर एफ २.८ कडे जा. माझी गाऱ्हाणी तुम्हाला लागू नाहीत. पण बरेचसे तुमच्या सध्याच्या लेन्सच्या लांबच्या टोकाला दाटलेले असतील तर त्यातले किती नंतर कापले आहेत तेही उघडून बघा, कारण ७० वर काढून अर्धा कापलेला फोटोही त्या यादीत ७० म्हणूनच दिसतो.