‘इम्पोर्टेड लिफ्ट किट’च्या नावाखाली विकलेली जुनी थार : पैसे घेतले ते सामान गाडीत नव्हतंच

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घ्यायचा विचार असेल आणि विकणारा “गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) लावलंय” असं सांगून वर लाखभर रुपये मागत असेल, तर बयाणा देण्याआधी हे वाचा. माझ्या बाबतीत जे झालं ते निव्वळ पैशाचं नुकसान नव्हतं. त्या गाडीत बसून माझे आईवडील घाट उतरले आहेत, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आम्ही कोल्हापूरचे. थोडी शेती गगनबावड्याच्या बाजूला आहे. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, जून ते सप्टेंबर शेवटचा रस्ता म्हणजे लाल चिखल. म्हणून २०१६ची थार सीआरडीई पाहिली. २०२०च्या ऑक्टोबरात नवीन थार आली त्याच्या आधीचं हे मॉडेल. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा गज), मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). इंजिन दणकट, सामान सगळीकडे मिळतं, आणि गावातला मिस्त्रीही हात घालू शकतो.

विकणारा जुन्या गाड्यांचा व्यापारी. गाडी चकचकीत, उंच, रुंद टायर, शॉकअपवर परदेशी कंपनीचे स्टिकर. तो म्हणाला, “सर, तीन इंच लिफ्ट आहे. ऑस्ट्रेलियन किट. आधीच्या मालकाने दीड लाख घातलेत, तुम्ही फक्त ऐंशी हजार जास्त देताय.” व्हॉट्सॲपवर त्याने बिलाचा फोटोही पाठवला. “आरटीओची काही अडचण?” असं विचारलं तर लेखी उत्तर आलं, “किट मंजूर आहे, निर्धास्त राहा.” गाडी पिटवर (खालून बघता येईल अशा खड्ड्यावर) घ्यायची म्हटलं तर सर्व्हिस सेंटरचा रॅम्प बंद असल्याचं सांगितलं. खालून सगळीकडे ताजं काळं कोटिंग मारलेलं होतं. “गंज लागू नये म्हणून करून दिलंय, आमच्याकडून फुकट,” असं म्हणाला. चाचणी दिली ती हायवेवर, गुळगुळीत डांबरावर. तिथे कुठलीही थार बरीच चालते.

पहिल्या पावसातच गाडी बोलायला लागली. खड्ड्यातून चाक खाली सुटलं की पुढून धाडकन आवाज यायचा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. रस्त्यात उंचवटा आला की स्टेअरिंग हातातून एका बाजूला पळायचं. शेतात फोर व्हील टाकून वळवली की पुढच्या चाकातून टकटक. पुढच्या टायरची बाहेरची कड हात फिरवला की करवतीसारखी लागायला लागली. व्यापाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं, “लिफ्ट केलेल्या गाड्या अशाच असतात सर, सवय होईल.”

भुईबावडा घाट उतरताना एका वळणावर खड्डा आला आणि गाडी समोरून येणाऱ्या टेम्पोच्या बाजूला सरकली. आई मागे बसली होती. त्यानंतर गाडी थेट उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींच्या पिटवर नेली.

मिस्त्रींनी बॅटरी मारून खाली पाहिलं, कोटिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडलं आणि म्हणाले, “दादा, ह्यात किट-बिट काय न्हाई. म्होरं बोल्ट आवळून उचललीया आणि मागं तुकडं घातल्यात.”

हे कसं करतात ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. जुन्या थारला पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसते. चासीच्या दोन्ही बाजूंना लांब पोलादी गज असतो, तोच टॉर्शन बार. त्याचं एक टोक चाकाच्या आर्मला जोडलेलं, दुसरं मागे एका पट्टीत धरलेलं, आणि त्या पट्टीला उंची जुळवायचा बोल्ट. चाक वर गेलं की गज पिळला जातो आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. तो बोल्ट दिलाय गाडी कालांतराने बसली तर मूळ उंचीवर आणण्यासाठी. तोच आवळत गेलं की गाडीचं तोंड उचललं जातं. एक पाना पुरतो, एक रुपयाचंही नवं सामान लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ‘लिफ्ट’ दिसते.

यात गज कडक होत नाही, आर्मची ठेवण बदलते. आर्म आधीच खाली लोंबलेला असतो, त्यामुळे खड्ड्यात चाकाला आणखी खाली जायला जागाच उरत नाही, तो रबरी स्टॉपरवर किंवा शॉकअपच्या टोकावर जाऊन आदळतो. तोच धाडकन आवाज. पुढच्या चाकांना ताकद नेणारा सीव्ही जॉइंट नेमून दिलेल्यापेक्षा जास्त कोनात फिरतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, आत माती जाते. तीच टकटक. स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचा उतार बदलल्याने चाक वरखाली झालं की आपोआप वळतं, म्हणून स्टेअरिंग पळतं. चाकं वरच्या बाजूने बाहेर झुकतात, म्हणून टायर कडेने खातो. “सवय होईल” असं ज्याला म्हटलं होतं, त्यातली एकही गोष्ट सवयीची नव्हती.

मागची बाजू त्याहून वाईट होती. पाट्यांचा सेट कंपनीचाच, जुना, एक पाटा तडकलेला. पाटा आणि एक्सलचं हाऊसिंग (आवरण) यांच्यामध्ये चौकोनी पाइपचे कापलेले तुकडे, एकावर एक वेल्डिंग करून ब्लॉक म्हणून घातलेले. पाट्याचं टोक चासीला जोडणारे शॅकल गॅसकटरने कापलेल्या साध्या पट्टीचे. पाटा आणि एक्सल एकत्र आवळणारे यू बोल्ट इतके आखूड की नटांना पुरते आटेही मिळाले नव्हते. मागच्या एक्सलवर भरीव, नीट बसणारा, खुंटीचा ब्लॉक आणि त्याच्या मापाचे नवे यू बोल्ट ही पद्धत जगभर वापरतात. पण पोकळ पाइपचे तुकडे म्हणजे ब्रेक लावताना एक्सल कधी फिरेल आणि ब्लॉक कधी निसटेल याचा भरवसा नाही. सगळ्यात भीती वाटली ती ब्रेकची रबरी नळी पाहून. चासीवरून एक्सलकडे येणारी ती नळी तारेसारखी ताणलेली होती. चाक खोल खड्ड्यात लोंबकळलं असतं तर तुटली असती. त्याच गाडीतून आम्ही घाट उतरत होतो.

शॉकअप कंपनीचेच निघाले. रंग मारून वर स्टिकर चिकटवले होते. तीन इंच उचललेल्या गाडीला मूळ लांबीचे शॉकअप बसतात, पण ते जवळजवळ पूर्ण ताणलेलेच राहतात.

आणखी एक गोष्ट, जी कुठलाच विकणारा सांगत नाही. मागचा एक्सल सलग असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा गोळा. पाटे उंच करा नाहीतर ब्लॉक घाला, बॉडी वर जाते, तो गोळा आहे तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. या गाडीला मूळ २३५/७० आर १६ टायर, व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. माझ्या गाडीला २४५/७५ आर १६ होते, साधारण ७७४ मिलिमीटर. म्हणजे गोळा उचलला गेला जेमतेम १९-२० मिलिमीटर. ‘तीन इंच जास्त क्लिअरन्स’ ही गोष्ट जिथे दगड लागतो त्या जागी खरी नव्हतीच. उलट मोठ्या टायरमुळे मीटर सुमारे पाच टक्के कमी पळतं. शंभर किलोमीटर गाडी गेली की मीटरवर पंचाण्णव दिसतात. कमी किलोमीटर दाखवून गाडी विकणाऱ्याला हेही सोयीचं पडतं.

कायद्याची बाजू मला वकिलांनी समजावली. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. कलम १८२ अ नुसार असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे ‘किट मंजूर आहे’ असं म्हणणाऱ्याने आरसीवरची नोंद दाखवायला हवी. माझ्या आरसीवर तशी कुठलीही नोंद नाही. उद्या अपघात झाला असता तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळालं असतं.

व्यापाऱ्याकडे परत गेलो तेव्हा त्याने डिलिव्हरी पावतीवरची ओळ दाखवली, ‘गाडी आहे तशी घेतली आहे’. वकिलांचं म्हणणं असं की ही ओळ जुन्या गाडीच्या झीजेबद्दल आहे. गाडीत नसलेलं सामान आहे म्हणून सांगून त्याचे पैसे घेणं तिच्यात झाकलं जात नाही. व्यापाऱ्याने ‘ऑस्ट्रेलियन किट’ आणि ‘मंजूर आहे’ हे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं होतं, ते आता कामी येतंय. गाडी खोलण्याआधी पिटवर सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढले, काढलेले तुकडे आणि शॅकल जपून ठेवले, मिस्त्रींकडून काय काय सापडलं ते लिहून सही घेतली आणि नोटीस पाठवली. उत्तर न आल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपल्या स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, व्यापाऱ्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र हा रस्ता व्यापाऱ्याविरुद्ध आहे. एखाद्या माणसाने स्वतःची गाडी विकली असेल तर तो ग्राहक वाद ठरत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची पोलिस तक्रार करावी लागते. आणि व्यापारी असेल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी ते १ एप्रिल २०२३पासून आवश्यक केलंय.

गाडी आम्ही मूळ उंचीवर आणली. टॉर्शन बारचे बोल्ट मापाला घेतले, मागे पाट्यांचा पूर्ण नवा सेट, नवे शॅकल, बुश, यू बोल्ट, चारही शॉकअप, दोन्ही बाजूंचे सीव्ही बूट आणि एका बाजूचा जॉइंट, ब्रेकच्या नळ्या, मग अलाइनमेंट. टायरही मूळ मापाचे. खर्च त्या ऐंशी हजारांच्या पुढे गेला. आता तीच गाडी त्याच चिखलातून जाते, कुठेही टेकत नाही. आपल्याकडच्या शेतरस्त्याला, जंगलातल्या वाटेला चांगले पाटे, चांगले शॉकअप आणि दात असलेले टायर एवढं बहुतेक वेळा पुरतं, असं मिस्त्रींचं मत आहे आणि माझं आता ठाम मत आहे. खरं लिफ्ट करायचं म्हटलं तर पुढचा डिफरन्शियल खाली घ्यावा लागतो, आर्म आणि बॉल जॉइंटचा विचार करावा लागतो, शॉकअप त्या लांबीचे, ब्रेकच्या नळ्या लांब, मागे प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन जुळवावा लागतो. ज्याने हे केलंय त्याच्याकडे प्रत्येक सामानाचं बिल असतं आणि तो स्वतःहून पिटवर गाडी दाखवतो.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा बॅटरी आणि जुने कपडे घेऊन जा. पुढच्या आर्मच्या स्टॉपरमध्ये फट आहे का पाहा. गाडी सपाट जागी उभी असताना आर्म खालच्या, म्हणजे चाकाला आणखी खाली जाण्यापासून अडवणाऱ्या स्टॉपरला टेकलेला असेल तर बोल्ट आवळलेला आहे. दोन्ही बाजूंच्या बोल्टचे बाहेर आलेले आटे एकमेकांशी ताडून पाहा. सीव्ही बूटभोवती ग्रीस उडालंय का, पाट्याखाली काय घातलंय, शॅकलवर वेल्डिंग आहे का, ब्रेकची नळी सैल लोंबते की ताणलेली आहे, हे बघा. ताजं काळं कोटिंग दिसलं तर ते खरवडायची परवानगी मागा. मातीच्या मैदानात, डांबरावर नाही, फोर व्हील लो टाकून दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि खिडकी उघडी ठेवून ऐका. बिलाचा फोटो दिला तर त्यावर गाडीचा नंबर किंवा चासी नंबर आहे का ते तपासा, आणि ज्या दुकानाचं बिल आहे तिथे फोन करून विचारा.

हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण सांगलीच्या एका मित्राला नुकतीच दुसरी थार दाखवण्यात आली. रंग वेगळा, साल वेगळं, व्यापारी तोच. ‘किट’चं बिल म्हणून त्याला जो फोटो आला तो त्याने मला पाठवला. बिल क्रमांक, तारीख, कोपऱ्यातला चहाचा डाग, सगळं माझ्याकडच्या फोटोतलंच. मित्राने गाडी पिटवर नेण्याचा आग्रह धरला तेव्हा व्यापाऱ्याने सौदाच मोडला. तो दुसरा फोटोही आता माझ्या तक्रारीला जोडलाय. अजून कोणाकडे तसाच आला असेल तर पुढे या, आपल्या तक्रारी एकमेकांना बळ देतील.