तयार पक्षीथांबा: दांडा भक्कम, आडव्या काठ्या फसव्या

उघड्या माळावर फळं खाणारे पक्षी येऊन बसावेत आणि त्यांच्या विष्ठेतल्या बियांतून झाडं उगवावीत, यासाठी हा विकतचा थांबा. त्याचा बांबूचा दांडा जाडजूड आहे. दोन फूट गाडून भोवती दगड ठेचले की वाऱ्यात डुलत नाही. आडव्या काठ्या मात्र रंगवून गुळगुळीत केल्यात, पाय घसरतात. सुतळी गुंडाळाच. शेंडा एकदम उघडा, म्हणजे शिकारी पक्ष्याची हक्काची जागा; बुलबुल फिरकणार कशाला? शेंड्याखाली सुक्या फांद्यांची जुडी बांधा.

माहितीपत्रकात मुख्य गोष्टच गाळलीय. जांभळट विष्ठेतून बी पडतं, पण दाट गवतात रुजत नाही. थांब्याखाली मीटरभर गवत काढत राहावं लागतं. घाणेरीचं उपद्रवी झुडूपही तिथेच उगवतं, ते कोवळं असतानाच उपटा. छोट्या पक्ष्यांना गिळता येत नाहीत अशा मोठ्या बियांची झाडं हातानेच लावायची. जवळ फळझाडांचं रान नसेल तर घेऊच नका.