एसी गेज सेट, आठ महिने वापरून झाल्यावर (बेळगाव)

मार्चमध्ये मॅनिफोल्ड गेज (गाडीच्या एसीतल्या गॅसचं प्रेशर मोजायचं हत्यार) मागवला, आता नोव्हेंबर लागला. निळा घड्याळ (कमी प्रेशरच्या बाजूचा), लाल घड्याळ (जास्त प्रेशरच्या बाजूचा), तीन पाइप, ते गाडीला जोडायचे कपलर, सगळं मिळून साडेतीन हजार. बायको म्हणाली गाडी आपली एक आणि हत्यारं गॅरेजभर. बरोबर हाय तिचं, पण त्या आधीच्या दोन उन्हाळ्यांत मी नुसत्या गॅस भरण्यात याच्याहून जास्त घालवले होते, म्हणून गप्प बसली.

आधी गाडीचं रडगाणं सांगतो. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, क्लचवाला साधा कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप, चुंबकाच्या क्लचने पुलीला चिकटून फिरतो). बेळगावातल्या बेळगावात एसी झकास, टिळकवाडी ते शहापूर काही तक्रार नाही. पण कोल्हापूरला निघालो की काकती गेलं, हत्तरगीचा टोल गेला, की संकेश्वरच्या आसपास गरम हवा सुरू. मग तवंदी घाट काच खाली करून उतरायचा. निपाणीत चहाला अर्धा तास थांबलं की परत थंड! प्रत्येक गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आधीच सांगायचा, "ग्यास कम्मी आगेदरी." भरा. दोनदा भरला. तिसऱ्याने थेट कंप्रेसर गेला म्हणून अठरा हजार सांगितले, तेव्हा डोकं फिरलं आणि गेज मागवला.

पहिली गोष्ट जी शिकलो ती इंजिन बंद ठेवूनच. सकाळी गार गाडीला दोन्ही पाइप लावले की दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात, आणि आत R134a गॅस असेल तर तो आकडा हवेच्या तापमानावर ठरतो. 25 डिग्रीला साधारण 82 पीएसआय (प्रेशरचं माप), 35 ला 114 च्या आसपास. घड्याळाच्या आतल्या बाजूला तापमानाचा पट्टा छापलेला असतो तो याच्यासाठीच. माझा बरोबर 82. याचा अर्थ आत थोडा तरी पातळ गॅस शिल्लक हाय एवढाच, किती हाय ते कळत नाही! मला वाटलं टाकी फुल्ल. म्हणून मग शहाणपणा करून वर थोडा अजून सोडला आणि एसी चालू केल्यावर लाल काटा तीनशेच्या पार. स्वतःच्या हाताने ओव्हरचार्ज. शेवटी मशीनवाल्याकडे जाऊन सगळा काढला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच वजनाने भरून घेतला. गॅस वजनानेच भरायचा असतो, काट्यावर अंदाज करून नाही, हे मला महागात कळलं.

आता मुख्य मुद्दा. वजनाने भरल्यावर पण संकेश्वर आलं की तेच. मग एका रविवारी गेज, मल्टिमीटर आणि मेव्हण्याला घेऊन निघालो. गरम हवा आल्याबरोबर झाडाखाली गाडी घेतली, इंजिन चालूच. निघताना निळा 35 आणि लाल 210 होता, म्हणजे कंप्रेसर व्यवस्थित दाबत होता. आता निळा चढत होता, लाल उतरत होता, थोड्या वेळात दोघं एकत्र. कंडेन्सरचा फॅन फिरतोय, पुली फिरतेय, पण पुढची क्लच प्लेट जागेवर ठप्प. क्लचच्या वायरला मीटर लावला तर 13.6 व्होल्ट. म्हणजे गाडी करंट देतेय, प्रेशर स्विचने तोडलेलं नाही, गॅस बरोबर, कंप्रेसर बरोबर. मग? मेव्हणा उद्यमबागेत मशीन शॉपला असतो, तो वाकून बघून म्हणाला, "दाजी, गॅप बघूलाय का किती पडलाय?"

घरी येऊन इंजिन बंद करून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, प्लेट आणि पुलीमधला गॅप 0.85 मिमी. बऱ्याच गाड्यांत हा 0.3 ते 0.6 च्या मध्ये असतो. प्लेट झिजली की गॅप वाढतो. गार असताना कॉइलला (क्लचच्या चुंबकाची तांब्याची गुंडाळी) तेवढा गॅप ओढता येतो, पण इंजिनच्या उष्णतेने तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी, चुंबक ढिला, आणि एकदा सुटलेली प्लेट परत चिकटत नाही. गार कॉइल मोजली तर 3.6 ओहम, हायवेवरून आल्या आल्या मोजली तर 4.5. निपाणीच्या चहाचं कोडं सुटलं. मधला बोल्ट काढला, प्लेट ओढली, आतली पातळ शिमची चकती एक कमी केली, गॅप 0.45. खर्च शून्य. त्यानंतर मे महिन्यात सुद्धा पुण्यापर्यंत गार गेलो.

आता गेजबद्दल. घड्याळं चांगली, काटा थरथरत नाही फार. निळा कपलर तीन महिन्यांत गळायला लागला, ओ-रिंग बदलली, हिरव्या रंगाच्या एसीच्याच घ्या, नळाच्या काळ्या चालत नाहीत. निळा लाल उलटा लागायची भीती नाही, दोन्हींची साइज वेगळी असते. फक्त एसी चालू असताना लाल नॉब उघडून गॅसचा डबा लावायचा प्रकार कधी करू नका, मागून प्रेशर येऊन डबा फुटतो.

व्हॅक्यूमचं एक खास बेळगावकरांसाठी. गॅस भरायच्या आधी पंपाने आतली हवा काढतात, आणि सगळे सांगतात पंप लावला की निळा काटा 29 (इंच पारा) वर गेला पाहिजे. माझा 27 च्या पुढे हलेना, तीन दिवस लीक शोधत बसलो. नंतर डोक्यात आलं, आपण समुद्रापासून साडेसातशे मीटर वर, इथली हवाच तेवढी विरळ, 27 च्या थोडं वरच फुल्ल व्हॅक्यूम. गोव्यात नेऊन लावला तर 29 दाखवेल.

फसलो ते खानापूरच्या काकांच्या सेडानला. क्लिकचा आवाज नाही, प्लेट सतत फिरतेय, मी म्हटलं क्लच जाम. पण तो बिनक्लचचा व्हेरिएबल कंप्रेसर निघाला, तो आतल्या व्हॉल्व्हने कमी जास्त होतो. तिथे माझा शिमचा फॉर्म्युला काय उपयोगाचा नाही. निळा जास्त आणि लाल कमी दिसत होता, म्हणजे दाबतच नव्हता, पण व्हॉल्व्ह की कंप्रेसर हे माझ्या गेजला सांगता आलं नाही, स्कॅनरवाल्याने व्हॉल्व्ह सांगितला.

आणि चोर्ला घाटात चढाला पाय पूर्ण दाबला की दोन सेकंद एसी सुटतो, त्याला घाबरू नका, ते इंजिनला जोर द्यायला गाडी मुद्दाम करते.

लाल कपलर पण आता थोडा सुस्कारा टाकायला लागलाय, त्याची ओ-रिंग येत्या रविवारी.