दिवा लागला की काम पास? शाळेतील वीजजोडणीच्या प्रशिक्षणाचे परीक्षण

महाराष्ट्रातील अनेक शाळांत आठवी ते दहावीला ‘आयबीटी’ या नावाने ओळखला जाणारा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शिकवला जातो. अभियांत्रिकी, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य आणि ऊर्जा-पर्यावरण हे त्याचे चार विभाग असून घरगुती वीजजोडणी त्यांपैकी शेवटच्या विभागात येते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या कामातून हा विषय आकाराला आला. माझी भाची शिकते त्या शाळेत हे वीजकाम कसे चालते, ते मी वायरमनच्या नजरेने पाहिले. येथे लिहितो आहे ते त्या एका शाळेविषयी आहे. इतर ठिकाणी साधने आणि निदेशक वेगळे असतील.

आधी जे उत्तम आहे ते सांगतो. आठवड्यातील एक दिवस प्रात्यक्षिकासाठी राखलेला असल्यामुळे पस्तीस मिनिटांच्या तासिकेत जे शक्य नाही ते येथे होते : वायर सोलताना आतील तांब्याचे तंतू तुटू न देणे, होल्डरमध्ये गाठ मारून वायरचा ताण स्क्रूवर येऊ न देणे, पक्कड हातात नीट बसणे. निदेशक गावातलेच, प्रत्यक्ष वायरिंगची कामे घेणारे आहेत. दिव्याच्या पॉइंटला दीड चौरस मिलिमीटरची आणि सोळा अँपिअरच्या सॉकेटला किमान अडीचची वायर का, हे ते गरम झालेल्या, कडक पडलेल्या वायरचा तुकडा मुलांच्या हातात देऊन समजावतात. मुलींच्या हाती फक्त वही आणि मुलांच्या हाती पक्कड, असा प्रकार तेथे दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

सर्वांत आवडली ती सिरीज बोर्डची सवय. मुलांनी केलेली कोणतीही जोडणी थेट मुख्य पुरवठ्यावर लावली जात नाही; ती आधी एका शंभर वॉटच्या बल्बशी एकसरीत जोडून पाहिली जाते. जोडणीत शॉर्ट असेल तर फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही, फक्त तो बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि चूक कोणाच्याही अंगावर न येता समजते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती २३० व्होल्ट देण्यापूर्वी याहून शहाणा आणि स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तक्रार आहे ती मूल्यमापनाविषयी. प्रात्यक्षिक परीक्षेत दिवा लागला की गुण मिळतात, आणि दिवा हा फार भोळा साक्षीदार आहे. स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या जिवंत वायरीऐवजी) न्यूट्रलमध्ये (परतीच्या वायरीत) टाकला तरी दिवा लागतो आणि बंदही होतो. मात्र बंद असताना होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. अर्थिंगची हिरवी वायर कोठेच जोडलेली नसली तरी दिव्याला त्याचा पत्ता लागत नाही. जिन्याच्या वायरिंगमध्ये, म्हणजे एकच दिवा वरून आणि खालून चालू-बंद करण्याच्या जोडणीत, तर ही फसवणूक आणखी सफाईने होते. दोन टू-वे स्विचपैकी पहिल्याच्या मधल्या टर्मिनलला फेज, दुसऱ्याच्या मधल्या टर्मिनलवरून दिवा आणि दोन्ही स्विचमध्ये दोन वायर, ही योग्य रचना आहे. एका गटाने वायर वाचवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही स्विचवर नेऊन दिवा मधल्या दोन टर्मिनलांमध्ये जोडला होता. वरून आणि खालून दिवा व्यवस्थित चालू-बंद होत होता, त्यामुळे गटाला पूर्ण गुण मिळाले. परंतु या रचनेत दिवा बंद असतानाही त्याच्या दोन्ही टोकांना फेज असू शकतो, शिवाय एकाच स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल शेजारी येतात ते वेगळेच.

ही चूक मुलांची मानता येणार नाही, कारण त्यांना जे तपासायला शिकवले तेच त्यांनी तपासले. टेस्टरने फेज कोठे आहे ते पाहणे, मल्टिमीटरने अर्थिंगची सलगता मोजणे आणि पुरवठा तोडल्यावर इन्सुलेशन मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासणे हे तीन टप्पे परीक्षेत आणले, तर अभ्यासक्रमात एक ओळही वाढवावी लागणार नाही. मेगर महाग असतो हे मान्य. पण तालुक्यातील शाळांनी मिळून एक घेतला तरी पुरेल.

साधनांत दुसरी उणीव दिसली. सरावाच्या टेबलांवर अजूनही किटकॅट फ्यूज, म्हणजे तार बदलायचे चिनी मातीचे फ्यूज आहेत. एमसीबीची (प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचची) ओळख तक्त्यावरून करून दिली जाते आणि आरसीसीबीचा (प्रवाह जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा) उल्लेख ओझरता येतो. फ्यूज असो वा एमसीबी, ती वायरचे रक्षण करते. माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा थोडासा प्रवाह तिला जाणवतही नाही, आणि तेथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीच कामी येते.

अभ्यासक्रमातील लोकोपयोगी कामांचा भाग मात्र मनापासून आवडला. मुले निदेशकांबरोबर गावातील घरांत किरकोळ दुरुस्ती करतात, आणि त्यासाठी किती मीटर वायर, किती बोर्ड, मजुरी किती, याचे अंदाजपत्रक स्वतः मांडतात. भाचीच्या वहीतील अंदाजपत्रक आमच्याकडील काही ठेकेदारांच्या कागदांपेक्षा स्वच्छ होते.

पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या विषयातील गुणांमुळे वायरमनचा परवाना मिळत नाही. त्यासाठी दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम हा सरळ मार्ग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दहा दप्तरविरहित दिवसांत सुतारकामाबरोबर वीजकामाचाही उल्लेख आहे, म्हणजे यापुढे आणखी लहान मुले या टेबलांपाशी येणार. त्यामुळे या शाळेला माझी शिफारस आहेच, पण पुढील वर्षीच्या खरेदीत नवे सरावाचे बोर्ड घेण्याआधी प्रत्येक टेबलाच्या पुरवठ्यावर आरसीसीबी बसवावी आणि तिचे टेस्ट बटण दाबून पाहण्याचे काम दर प्रात्यक्षिकाच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याकडे द्यावे.