‘स्प्लिट’ बजरीच्या नावाखाली ६,२५० रुपयांना गंडलो

बजरीच्या, म्हणजे बजरिगर या छोट्या पाळीव पोपटांच्या बाजारात सगळी लबाडी ‘स्प्लिट’ या एका शब्दावर चालते. रंग वर दिसत नाही, पण ‘आत आहे’ म्हणे. आत बघणार कोण? साधी हिरवी जोडी ५०० रुपयांना मिळते. मी मोजले ते असे: ‘स्प्लिट रिसेसिव्ह पाइड’ नर (पाइड म्हणजे ठिगळठिगळ रंगाचा, रिसेसिव्ह म्हणजे जनुकाच्या दोन प्रती असल्या तरच दिसणारा) २,४००, ‘स्प्लिट लुटिनो’ मादी २,६००, दोघांचे डीएनए रिपोर्ट ९००, ट्रॅव्हल्सचं पार्सल ३५०. सगळे आगाऊ, यूपीआयवर.

त्या मादीपाशीच ट्यूब पेटायला हवी होती. स्प्लिट लुटिनो मादी नसतेच! लुटिनोचं जनुक झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. नराला दोन झेड, म्हणून एकावर ते दडून राहतं. मादीला झेड एकच. जनुक असेल तर ती पिवळीधमक, लाल डोळ्यांची दिसणारच, नसेल तर विषय संपला. ‘हिची आई लुटिनो होती, दादा,’ असा विक्रेत्याचा व्हॉइस मेसेज आला. अरे, मादी पिल्लाला झेड बापाकडून मिळतो, आईकडून डब्ल्यू! हे मला पाठ आहे. तरी बोलताना चुकला असेल, नराबद्दल म्हणायचं असेल, अशी समजूत मीच घालून घेतली. रात्रीचे साडेअकरा, समोर फोटो, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’. अशा घाईत कुणाचंही होतं. होतं ना?

डीएनए रिपोर्ट खरे होते, हे आणखी एक. पण त्यात नर की मादी एवढंच असतं, रंगाबद्दल अक्षर नाही. शिक्का बघू नका, कागद वाचा. पायातली ओळखीची रिंगही तपासा. बंद, म्हणजे बिनजोड रिंग पिल्लू ५ ते १० दिवसांचं असतानाच पायात चढते. या नराच्या रिंगला जोड होता, पकडीने दाबलेला. नख अडकत होतं.

नर पारखला घरच्या रिसेसिव्ह पाइड मादीवर. ती आधी महिनाभर एकटी ठेवली, आधीच्या नराचा घोळ नको म्हणून. नर खरा स्प्लिट असता तर प्रत्येक पिल्लू पाइड निघण्याची शक्यता निम्मी. दोन खेपांत ५ आणि ४ पिल्लं, नऊच्या नऊ हिरवी. नर खरा असून असं घडण्याची शक्यता ५१२त एक. विक्रेत्याचं उत्तर: ‘नशीब असतं, अजून एकदा अंड्यांसाठी मटकी लावा.’ म्हणूनच ही मंडळी स्प्लिटला स्प्लिट जोडून विकतात. तिथे पाइड निघण्याची शक्यता चारात एक, नऊ पिल्लं कोरी जाण्याची साधारण १३त एक, आणि नशिबावर ढकलायला भरपूर जागा. ‘स्प्लिट स्पँगल’ म्हणणाऱ्याचा तर फोनच ठेवा. स्पँगल हा प्रभावी रंग आहे, एका प्रतीनेही दिसतो.

तक्रारीचं काय? पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पोपट पाळायला बंदी आहे ना?’ ती १९७२च्या वन्यजीव कायद्याने आपल्या रानातल्या पोपटांना, बजरी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, हे सांगण्यात अर्धा तास. मग, ‘पक्षी मिळाले ना? जिवंत आहेत ना? मग फसवणूक कसली?’ हिरव्याच्या पोटात पाइड नाही, हे पंचनाम्यात कसं लिहायचं म्हणे! बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीसाठी बिल मागितलं. बिल कुणी दिलंय? तीन चकरा, दोन अर्ज, एकाचीही पोच नाही. व्यवहाराचं बोलणं लेखी ठेवा, ‘स्प्लिट’ हा शब्द त्याच्याकडून टाइप करून घ्या. माझा सगळा पुरावा व्हॉइस मेसेज, आणि ते त्याने उडवले.

घ्यायचाच असेल तर दिसणारा रिसेसिव्ह पाइड घ्या. मोठ्या पक्ष्याचा डोळा पूर्ण काळा हवा. पांढरी कडी दिसली तर तो डॉमिनंट पाइड, म्हणजे एका प्रतीनेही दिसणारा वेगळा प्रकार. स्प्लिटच हवा असेल तर पाइड आई किंवा बाप पिंजऱ्यात समोर बघा. स्प्लिटची खूण म्हणून मानेमागचा ठिपका दाखवतील, त्यावर पैसे लावू नका.

आई पाइड असल्यामुळे माझी ही नऊ हिरवी पिल्लं मात्र शंभर टक्के स्प्लिट आहेत. परवा एकाला तसं सांगितलं, तर तो हसला.