नवरा येणार की सून जाणार?

जपानमध्ये हेआन काळात (७९४–११८५) क्योतोच्या सरदार घराण्यांत लेक लग्नानंतरही बहुधा माहेरीच राही. नवराच रात्री तिच्याकडे येई. तिसऱ्या रात्री जोडप्यापुढे मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, ठेवले की लग्न पक्कं. पहाटे परतल्यावर त्यानं कविता धाडायची. चिठ्ठीला उशीर झाला की घरभर धाकधूक! मुलं आजोळी वाढत.

एदो काळात (१६०३–१८६८) सून सासरी जाई. सामान्य घरांत सोडचिठ्ठी साडेतीन ओळींची, लिहायची नवऱ्यानं. सुटू पाहणाऱ्या बायका आसऱ्यासाठी कामाकुराचा तोकेइजी मठ गाठत.

मला पहिली रीत बाईला सोयीची वाटते. पण तो यायचाच थांबला तर? तिच्या हाती साडेतीन ओळीही नसत.